लेकराची चिंधी

लहान मूल असलेल्या पुष्कळ घरांत एक वस्तू अशी असते, की बाजारात तिची दमडीसुद्धा येणार नाही. पण ती हरवली तर रात्री कंदील घेऊन सारे घर धुंडाळावे लागते. बहुधा ती चिंधीच असते. कुठे गोधडीचे उसवलेले टोक, कुठे आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, कुठे बारशाला आलेले आणि आता विरून जाळी झालेले दुपटे. क्वचित कापडी बाहुली किंवा कापूस भरलेला ससा. मूल ती नाकाशी धरते, गालावर घासते, तिचे टोक चोखते आणि डोळे मिटते. ती मळलेली असते, तिला आंबूस वास येत असतो, आणि म्हणूनच घरातल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांत ती खुपते.

मग सासू म्हणते, "अगं, किती दिवस तो बोळा घेऊन हिंडायचं त्यानं? चुलीत घाल एकदाचा."

सून म्हणते, "त्याच्याबिगर झोपतच नाही हो तो, आत्याबाई."

"रडंल दोन दिस. तिसऱ्या दिवशी गप बसंल."

तिसऱ्या दिवशी मूल गप्प बसते, ही गोष्ट खरी आहे. आत्याबाईंनी चार मुले वाढवलेली असतात, त्यांचा अनुभव खोटा नसतो. माझे म्हणणे एवढेच, की ते मूल का गप्प बसले, हे आपण कधी विचारत नाही.

या चिंधीकडे शास्त्राच्या नजरेने पाहणारा एक मोठा माणूस लंडनमध्ये होऊन गेला. डॉक्टर डोनाल्ड विनिकॉट हे त्यांचे नाव. मुळात ते मुलांचे डॉक्टर. पॅडिंग्टन ग्रीन येथील मुलांच्या इस्पितळात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काम केले. आया आपली मुले मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसत, आणि डॉक्टरसाहेब औषध लिहून देण्याआधी मूल काय करते ते बघत बसत. मुठीत काय धरते, तोंडात काय घालते, कशाकडे बघून शांत होते. १९५१ साली त्यांनी या विषयावर एक निबंध वाचला, आणि तेव्हापासून ही मळकी चिंधी मानसशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसली.

त्यांचा विचार साध्या भाषेत सांगायचा तर असा. अगदी तान्ह्या बाळाला आपण कुठे संपतो आणि आई कुठे सुरू होते, हे ठाऊक नसते. भूक लागली की दूध येते, गार वाटले की ऊब येते. जणू त्याच्या नुसत्या मनात आले आणि ते घडले. पुढे चार-सहा महिन्यांनी, कुणाचे आठ-दहा महिन्यांनी, त्याच्या ध्यानात येऊ लागते की आई ही वेगळी आहे. ती उठते, विहिरीवर जाते, दाराआड होते. हा शोध बाळाला फार जड जातो. आई आहे, पण आत्ता इथे नाही, हे पेलायला त्याला कशाचा तरी आधार लागतो. नेमक्या याच सुमाराला ते एखादी मऊ वस्तू धरून ठेवू लागते. ती वस्तू म्हणजे आई नव्हे, आणि त्याचे स्वतःचे अंगही नव्हे. उंबरा जसा घरातही नसतो आणि अंगणातही नसतो, तशी ही उंबऱ्यावरची वस्तू.

विनिकॉटसाहेबांनी तिच्या काही खुणा सांगितल्या आहेत, त्या आपल्याही घरात पडताळून पाहता येतील. ती वस्तू मूल स्वतः निवडते. आपण बाजारातून पन्नास रुपयांचे खेळणे आणतो, आणि मूल त्याच्यावरची पिशवी कवटाळून बसते! तिच्यावर पूर्ण हक्क त्याचाच असतो. ते तिला कुरवाळते, तिच्यावर रागावते, आपटते, फरफटत नेते, आणि तरीही ती तशीच राहते, उलटून मारत नाही. तिच्यात बदल करायचा तर तो त्यानेच करायचा, इतरांनी नाही. आणि शेवटची खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही वस्तू कोणी सोडवावी लागत नाही. मूल खेळात रमू लागते, सवंगडी मिळतात, गोष्टी कळू लागतात, तशी त्या चिंधीतली जादू हळूहळू साऱ्या जगात पसरते, आणि चिंधी नुसती चिंधी उरते. मूल तिच्यासाठी रडतही नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान हे आपोआप घडते.

आता आत्याबाईंच्या तिसऱ्या दिवसाकडे वळू.

१९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी एक बोलपट तयार केला. बोलपट कसला, इस्पितळातली साधी टिपणेच ती. दोन वर्षे पाच महिन्यांची एक मुलगी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात राहते. त्या काळी तिथे आईबापांना मुलाजवळ राहू देत नसत. थोडा वेळ भेटायचे आणि निघून जायचे. मुलगी मोठी शहाणी, फारसा आकांत करीत नाही. पण तिचा चेहरा दिवसेंदिवस कसा मिटत जातो हे त्या चित्रांत दिसते, आणि साऱ्या दिवसांत ती घरून आणलेले कापडी अस्वल व आपला पांघरुणाचा तुकडा घट्ट धरून असते. आई भेटायला आली की आईकडे जायलाही ती लगेच तयार होत नाही. अशी पुष्कळ मुले पाहून रॉबर्टसन यांनी दाखवून दिले, की मूल आधी रडून विरोध करते, मग निराश होऊन पडून राहते, आणि त्यानंतर मन काढून घेते. परिचारिका म्हणत, 'चला, रुळलं एकदाचं.' ते रुळलेले नसे; मागून काही मिळत नाही, एवढे त्याला कळलेले असे. पुढे १९५९ साली तिथल्या सरकारी समितीने आईबापांना इस्पितळात मुलाजवळ येऊ द्यावे, अशी शिफारस केली. आपल्याकडच्या इस्पितळांत मुलाच्या खाटेशी आई, मावशी, आजी, कोणी ना कोणी बसलेले असते. गर्दी होते म्हणून आपण कुरकुरतो. पण या एका बाबतीत आपले खेड्यातले माणूस त्या वेळच्या लंडनच्या शहाण्यांपेक्षा शहाणे होते, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, कापडात एवढे काय आहे? पोटाला दूध मिळाले की झाले. असे पूर्वी मोठमोठे विद्वानही म्हणत. १९५८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचे हॅरी हार्लो यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. माकडाच्या पिलांना आयांपासून तोडून त्यांनी दोन खोट्या आया करून दिल्या: एक तारेच्या जाळीची, दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली, तरी पिले भुकेपुरती तिच्याकडे जात आणि बाकी सारा वेळ कापडाच्या आईला बिलगून बसत. भीती वाटली की धावत कापडाकडेच जात. प्रयोग निर्दय होता, हे सांगितलेच पाहिजे. आणि त्याचा दुसरा भाग लोक सांगायला विसरतात. नुसत्या कापडाच्या आईजवळ वाढलेली ती पिले मोठेपणी धड राहिली नाहीत. त्यांना इतर माकडांत मिसळता येईना, आणि त्यांच्यातल्या ज्या माद्या पुढे आया झाल्या, त्यांतल्या कित्येकींना स्वतःची पिलेही सांभाळता येईनात. म्हणजे कापड धीर देते, पण कापडाने आई होत नाही. विनिकॉटसाहेबही हेच सांगतात. आई फार दिवस दूर राहिली, तर त्या चिंधीतला जीवही निघून जातो. चिंधी चालते ती आईच्या पुंजीवर.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. जुनी माणसे म्हणतात, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती. आम्ही नव्हतो चिंध्या धरून बसत." खरे आहे. १९७० साली इटलीतल्या गद्दिनी पतिपत्नींनी एक पाहणी प्रसिद्ध केली. इटलीच्या खेड्यातल्या मुलांपैकी शेकडा सुमारे ५ मुलांनाच अशा वस्तूचा लळा होता. रोम शहरातल्या मुलांत शेकडा ३१, आणि रोममध्ये राहणाऱ्या परदेशी कुटुंबांतल्या मुलांत शेकडा ६० च्या वर. ती परदेशी मुले बहुधा वेगळ्या खोलीत, वेगळ्या पलंगावर एकटी झोपत. खेड्यातली मुले आईच्या कुशीत, अंगावर पीत झोपत. ज्याच्या हाताशी रात्रभर आईचा पदर आहे, त्याला पदराचा तुकडा कशाला हवा? आपल्याकडेही कित्येक मुले आईच्या कानाची पाळी चोळत, नाहीतर तिच्या केसांत बोटे घालून झोपतात. तोही तोच आधार.

म्हणून ज्या मुलाला चिंधी नाही, त्याला मुद्दाम कोणी लावू नये. नसणे हे उणे नाही, आणि असणे हेही उणे नाही. पण दिवस बदलले आहेत. घरे लहान झाली, आजी गावाकडे आणि नातू शहरात अशी ताटातूट झाली, आई सकाळी कामावर जाते, मूल तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत जाते. जिथे आईपासून दूर राहण्याचे तास वाढले, तिथे चिंधीही अधिक दिसणार. त्यात मुलाचा दोष तो काय?

अंगणवाडीताई आणि शिक्षक मंडळींनो, आता थोडे तुमच्याशी. जूनमध्ये नवी मुले येतात. एखादी मुलगी आईचा पदर सोडत नाही. सोडला तर बगलेत एक कळकट फडके असते, ते सोडत नाही. बाकीची मुले हसतात. ताईंनाही वाटते, हे फडके बाहेर ठेवल्याशिवाय ही गाणे म्हणायची नाही, खेळायची नाही. गंमत अशी की होते उलटे. १९७५ साली अमेरिकेत पासमन आणि वाइसबर्ग यांनी पाहिले, की ज्या मुलांना आपल्या पांघरुणाचा लळा होता, ती मुले अनोळखी खोलीत ते पांघरूण जवळ असताना जवळजवळ आई जवळ असल्यासारखीच मोकळेपणाने खेळली, चहूकडे हिंडली. ज्यांना तो लळा नव्हता, त्यांना पांघरुणाचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे जिला चिंधी लागते, तिच्या हातातून ती काढून घेतली की खेळणे वाढत नाही, थांबते.

करायचे ते फार थोडे आहे. खोलीत मुलीच्या हाताला येईल असा एक कोनाडा किंवा खुंटी तिच्या चिंधीसाठी ठरवून द्यावी. कपाटात कुलूपबंद करू नये. तिला ती दिसली पाहिजे आणि हवी तेव्हा घेता आली पाहिजे. पहिले काही दिवस ती धरूनच बसेल. मग माती कालवताना दोन्ही हात लागतात, तेव्हा आपणहून खुंटीवर ठेवील. मध्येच धावत जाऊन हात लावून येईल. महिन्याभरात कदाचित ती खुंटीवर विसरून घरी जाईल, आणि संध्याकाळी आई तिला घेऊन तुमच्या दारात येईल! तेव्हा वैतागू नका. कोणी हसले तर 'ही तिची आहे' एवढेच शांतपणे सांगावे. लहान मुलांना 'हे माझे, ते तुझे' हा न्याय चांगला समजतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणल्या, म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीलाही शिकता यावे. मूल घर सोडून एकदम शाळेत येत नाही, येताना घराचा थोडा भाग बरोबर घेऊन येते, हे या बायांनी ओळखले होते. कुणी भावंड कडेवर घेऊन येते, कुणी फडके बगलेत मारून.

आयांचा नेहमीचा प्रश्न धुण्याचा. चिंधी धुवायलाच हवी. तोंडात जाते, जमिनीवर लोळते, त्यातून पोटाचे विकार व्हायला वेळ लागत नाही. पण मूल झोपेत असताना गुपचूप धुऊन टाकली, तर उठल्यावर ते म्हणते, "ही माझी नाही." ते खोटे बोलत नाही. त्याची ओळख वासाची होती आणि वास सोड्याबरोबर वाहून गेला. त्यापेक्षा मुलाला सांगून, त्याच्याच हातांनी बादलीत बुडवून, उन्हात वाळत घालून, वाळेपर्यंत जवळ बसू द्यावे. वेळ जातो, पण रडारड वाचते. अगदी लहानपणापासून वरचेवर धुतली, तर धुतलेला वासच त्याच्या ओळखीचा होतो. काही हुशार आया दुपट्याचे आधीच दोन तुकडे करून आलटून पालटून देतात. मात्र लळा पक्का झाल्यावर कात्री लावू नये.

नवी आणून दिली तर? ब्रिस्टलचे ब्रूस हूड आणि अमेरिकेतले पॉल ब्लूम या दोघांनी २००८ साली एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक पेटी दाखवली आणि सांगितले, हे यंत्र कोणत्याही वस्तूची हुबेहूब दुसरी वस्तू बनवते. साध्या खेळण्यांच्या बाबतीत मुले नवी प्रत घ्यायला खुशीने तयार झाली. पण ज्या वस्तूला घेऊन ती रोज झोपत, तिच्या बाबतीत काही मुलांनी ती यंत्रात घालूच दिली नाही, आणि घालू दिली त्यांतल्या बहुतेकांनी आपली जुनीच परत मागितली. वस्तू तीच दिसत असेल, पण तिच्यावर आपल्या रात्री गेलेल्या नाहीत, हे त्यांना कळते. मोठी माणसे तरी वेगळे काय करतात? वडिलांची काठी कोपऱ्यात असते. तशीच नवी काठी बाजारात मिळते म्हणून कोणी ती बदलत नाही.

हल्ली रडणाऱ्या मुलाच्या हातात मोबाइल देतात आणि म्हणतात, हाही तसलाच आधार. नाही. चिंधी काही करत नाही. गात नाही, हलत नाही, चित्रे दाखवत नाही. जे करायचे ते मूल करते. तीच चिंधी त्याची बाहुली होते, फेटा होते, मांजराचे पांघरूण होते. मोबाइलमध्ये सारे दुसऱ्यानेच केलेले असते, मूल नुसते बघत राहते. तो काढून घेतला की हात रिकामे आणि डोकेही रिकामे.

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळावी. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाजवळ झोपेत सैल कापड, उशी, जाड गोधडी ठेवू नये. नाकातोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो, आणि त्या वयाच्या बाळाला ती बाजूला करता येत नाही. जागेपणी, तुमच्या नजरेसमोर, खुशाल हातात द्यावी. त्यानंतरही चिंधीला लांब नाडी, सुटणारी बटणे, मणी असू नयेत.

आणि जे करू नये ते. चिंधीला मिरची किंवा कडू रस लावू नये. 'बागुलबुवानं नेली', 'कुत्र्यानं पळवली' असे खोटे सांगू नये. पाहुण्यांसमोर तिची थट्टा करू नये. पाहुण्यांसमोर हसे झाले की मूल चिंधी सोडत नाही, लपवते. आणि लपवायला शिकलेले मूल पुढे आणखी काय काय लपवील, याचा भरवसा नाही.

काळजी कधी करावी? मूल दिवसभर तिलाच धरून बसते, खेळत नाही, माणसांकडे बघत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, बोलणे उमटत नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. तिथे आजार चिंधीचा नसतो, ती फक्त खूण असते. तसेच सोडलेली चिंधी एकाएकी पुन्हा जवळ आली, तर घरात काय घडले ते बघावे. पाळण्यात नवे बाळ आले असेल, आजोबा गेले असतील, कुणी मारत असेल, घरात रोज भांडण होत असेल. मूल तोंडाने सांगत नाही, ट्रंकेतून फडके काढते.

शेवटी एक विनंती ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींना. दिवाळी झाली की बीडकडून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे कोयता घेऊन निघतात. कोणी मुले आजीपाशी ठेवतात, कोणी बरोबर नेतात. मागे ठेवणार असाल, तर आईने आपले अंगावर वापरलेले, न धुतलेले एक लुगडे किंवा साडी आजीजवळ ठेवून जावी. मूल त्यावर झोपेल. आणि आई चोरपावलांनी निघून जाते, तसे करू नये. मूल रडले तरी सांगून जावे. बरोबर नेणार असाल, तर ट्रकमध्ये सामान भरताना भांडी, पीठ, सरपण, कोंबड्या यांच्या गडबडीत चिंधी तळाच्या गाठोड्यात जाते, आणि अंधारात कोपी उभी करताना ती कोणाला सापडत नाही. ती वरच्या पिशवीत ठेवा, नाहीतर मुलाच्याच हातात असू द्या.